कीचकवधावर बंदी आली तेव्हा नेमके काय बंद झाले?

प्रश्न: आमची हौशी नाट्यसंस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदी आलेल्या मराठी नाटकांवर अभिवाचनाचा कार्यक्रम बसवते आहे. त्या काळी प्रत्येक नाटक आधी सेन्सॉरकडून संमत करून घ्यावे लागे का? ‘कीचकवध’ १९०७ पासून उघडपणे चालू होते, मग बंदी १९१० मध्येच का आली? आणि एखाद्या नाटकावर खरोखर बंदी होती की ती नुसती आख्यायिका आहे, हे तपासायचे कसे?

उत्तर:

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रत्येक नाटक वाचून त्यावर शिक्का मारणारे मंडळ ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात नव्हते. आज आपण बोलताना ज्याला ‘सेन्सॉर’ म्हणतो ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्वातंत्र्यानंतरचे, १९५४ सालचे. तेव्हा १९०७ च्या छापील प्रतीवर संमतीचा शिक्का शोधू नका. तो नसणारच, आणि तो नाही म्हणून नाटक चोरून चालले होते असेही नाही.

गंमत म्हणजे पूर्वपरवानगीची पद्धत होती ती खुद्द लंडनमध्ये. ती १७३७ च्या कायद्याने आली, आणि १८४३ च्या कायद्याने प्रत्येक नवे नाटक प्रयोगाच्या किमान ७ दिवस आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीत द्यावे लागे, सोबत वाचनाची फी भरावी लागे, आणि नकार आला की कारण विचारायची सोय नसे. ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले त्याच १९०७ साली ग्रॅनव्हिल बार्करच्या ‘वेस्ट’ला तिथे परवाना नाकारला गेला. त्याच वर्षी जपानी राजपुत्र पाहुणे येणार म्हणून कित्येक वर्षे चाललेली ‘मिकाडो’ ही जपानच्या नावाने थट्टा करणारी संगीतिका काही काळ थांबवली गेली. १९०९ साली बर्नार्ड शॉच्या ‘ब्लँको पॉस्नेट’ला नकार मिळाला, तर डब्लिनच्या ॲबी थिएटरने ते करून दाखवले, कारण लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार आयर्लंडमध्ये चालत नव्हता. हे लक्षात ठेवा. हद्दीचा हाच मुद्दा पुढे आपल्याकडेही येणार आहे. इंग्लंडमधली ही पद्धत १९६८ पर्यंत टिकली.

हिंदुस्थानात मात्र सरकारच्या हाती १८७६ चा एकोणिसावा कायदा होता, नाट्यप्रयोगांचा. तो जन्मला कलकत्त्यात. प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले असताना जगदानंद मुखर्जी या वकिलाने त्यांना घरच्या अंतःपुरात नेऊन बायकांकडून स्वागत करवले. त्यावर ग्रेट नॅशनल थिएटरने फेब्रुवारी १८७६ मध्ये ‘गजदानंद ओ युवराज’ नावाचे प्रहसन केले. पोलिसांनी ते बंद पाडले, तेव्हा मंडळींनी पोलीस अधिकारी हॉग आणि लँब यांच्या आडनावांवर कोटी करून डुक्कर आणि मेंढीच्या नावाने आणखी एक प्रहसन लावले. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने २९ फेब्रुवारीला वटहुकूम काढला. ४ मार्चला खेळ चालू असताना अटका झाल्या. उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांना ‘सुरेंद्र-बिनोदिनी’ नाटकातल्या अश्लीलतेवरून महिन्याची शिक्षा झाली, पण हायकोर्टाने ती टिकू दिली नाही. सरकारने या प्रकरणातून एक धडा घेतला: नाटक कोर्टात नेले तर हार होऊ शकते. वर्षअखेरीला जो कायदा झाला तो कोर्टाची वाट टाळण्यासाठीच बेतलेला दिसतो.

कायदा अवघ्या १२ कलमांचा आहे. अभिवाचनाच्या संहितेत तो मूळ भाषेत नसला तरी चालेल, पण बसवणाऱ्याने एकदा वाचावा. कळीचे आहे ते तिसरे कलम. सार्वजनिक जागी होणारा किंवा होऊ घातलेला प्रयोग (क) बदनामीकारक आहे, (ख) सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याजोगा आहे, किंवा (ग) हजर असलेल्यांची नीती बिघडवणारा आहे असे सरकारचे ‘मत’ झाले, की सरकार तो मना करू शकते. सगळा जोर या ‘मत’ शब्दावर आहे. पुरावा मांडायचा नाही, लेखकाला बोलवायचे नाही, सुनावणी नाही, अपील नाही. मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा-शहरांबाहेर सरकारने नेमलेला मॅजिस्ट्रेटही हाच हुकूम काढू शकत होता. तिकीट लावून लोकांना आत घेणारी कुठलीही इमारत किंवा आवार ‘सार्वजनिक जागा’ ठरत असे, म्हणजे कनात ठोकून केलेला गावचा खेळसुद्धा यातून सुटत नव्हता.

पुढची कलमे अंमलबजावणीची. चौथ्या कलमाने हुकुमाची प्रत भाग घेणाऱ्यांवर आणि जागेच्या मालकावर बजावायची. पाचव्याने तो जाहीर करायचा, म्हणजे ठिकठिकाणी कागद चिकटवायचे. सहाव्यात ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. या कलमाचे जाळे केवढे मोठे होते ते नीट पाहा: नट, मदत करणारे, थिएटरचा मालक किंवा भाडेकरू, आणि मनाई जाहीर झाल्यावर हट्टाने खेळ पाहायला बसलेला प्रेक्षकसुद्धा. सातव्याने लेखक, मालक, छापखानेवाला आणि जागेचा मालक यांच्याकडून नाटकाची माहिती मागता येई, आणि ती देणे त्यांना बंधनकारक होते. आठव्याने वॉरंट काढून पोलीस आत शिरत आणि माणसांबरोबर पडदे, पोशाख, सामानही जप्त करू शकत. फिरत्या नाटकमंडळीला खरी भीती या आठव्या कलमाची असावी असे मला वाटते. नट ३ महिन्यांनी सुटून येतो, पण रंगवलेले पडदे आणि भरजरी पोशाख कचेरीच्या कोठारात कुजले की मंडळीच्या पुढच्या पाच मुक्कामांचे सगळे खेळ बंद पडतात. जे नाटक बंद झाले त्याच्याच पडद्यांवर दुसरी दोन-तीन नाटके उभी असत.

पूर्वतपासणीची तरतूद कायद्यात अजिबात नव्हती असे मात्र नाही. दहाव्या कलमाने सरकार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून तिथे परवान्याशिवाय खेळ बंद करू शकत होते, आणि प्रयोगाच्या किमान ३ दिवस आधी नाटकाची प्रत मागू शकत होते. पण ‘जेवढे लिहिलेले असेल तेवढे’, असे त्या कलमाचे शब्द आहेत. मूकाभिनयाचा फक्त सारांश पुरे होता. नाटकवाल्यांना लिहिणे आणि बोलणे यांतली फट चांगली ठाऊक होती, त्याकडे पुढे येतो. बाराव्या कलमाने धार्मिक उत्सवांतल्या जात्रा (बंगालकडचे फिरते लोकनाट्य) आणि तत्सम प्रयोगांना सूट दिली. बंगालची जात्रा डोळ्यांसमोर ठेवून ही सूट आली, पण नवव्या कलमाने राजद्रोह आणि अश्लीलतेचे फौजदारी खटले मोकळे ठेवले होते. म्हणून तर ‘मातृपूजा’ ही जात्रा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मुकुंद दासांना तुरुंग टळला नाही. आपल्याकडच्या गणेशोत्सवाच्या मेळ्यांचीही अवस्था तीच: नाट्यकायद्यातून सुटका आहे असे म्हणावे, तर मिरवणूक आणि वाद्यांचे पोलिसी नियम दारात उभे.

आता ‘कीचकवध’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८९७ पासून ‘केसरी’त होते. नाटक १९०७ चे, पुण्याच्या महाराष्ट्र नाटक मंडळीने केलेले. १९०४ मध्ये निघालेली ही मंडळी गद्य नाटकांसाठी नावाजलेली होती, आणि हा तपशील वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. संगीत नाटकात प्रसंग तापला की पद येते, ‘वन्समोअर’ पडतो, प्रेक्षक नाटकातून उठून गाण्यात जातो. गद्य नाटकात ही पळवाट नाही. द्रौपदी दरबारात दाद मागते आणि कुणी उठत नाही, तेव्हा प्रेक्षकाला त्या शांततेत बसूनच राहावे लागते.

कथा विराटपर्वातली, सगळ्यांना पाठ असलेली. पांडव अज्ञातवासात विराटाकडे आहेत. युधिष्ठिर कंकभट झाला आहे, भीम आचारी बल्लव, द्रौपदी सुदेष्णेची सैरंध्री. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक सैरंध्रीला मागतो. राजा दुबळा, धर्मराज सबुरीचा सल्ला देतो, भीम जळतो आणि अखेर कीचकाला मारतो. त्या काळच्या एकाही खऱ्या माणसाचे नाव घेतलेले नाही. पण व्हाइसरॉय कर्झनला जाऊन दोन वर्षेही झालेली नव्हती, वंगभंगाची जखम १९०५ ची, ताजी. सुरतेला काँग्रेस फुटली तीही १९०७ च्याच डिसेंबरात. लंडनच्या ‘टाइम्स’चा पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल याने १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये हा संकेत उलगडून दाखवला: कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि व्हाइसरॉयला मोकळे रान देणारा विराट म्हणजे विलायतेतले ढिले सरकार. कीचकाच्या पाठीराख्यांचा पुढे होणारा संहार म्हणजे इथल्या गोऱ्यांचा, हेही त्याने काढले.

तुमच्या कार्यक्रमात हा भाग जरूर घ्या, पण चिरोलचे म्हणणे काळजीपूर्वक वाचा. नाटकातले अमुक वाक्य राजद्रोही आहे, असा त्याचा मुख्य पुरावा नाहीच. उलट छापील नाटकात किंवा रंगमंचावर कर्झनचे नाव कुठेही येत नाही हे तो मान्य करतो. त्याचा पुरावा आहे प्रेक्षागृह. कीचकाचे चाळे पाहताना आवळलेले, रागीट चेहरे, द्रौपदीची याचना ऐकताना चमकणारे ब्राह्मण बायकांचे डोळे, धर्मराजाच्या मवाळपणाबद्दलची तुच्छता, आणि कीचक मेल्यावर थिएटरभर उठणारा समाधानाचा घुमारा. हे नाटक पाहिलेला इंग्रज ते चेहरे विसरणार नाही, असे तिथे लिहिले आहे. माझ्या मते बंदीची गुरुकिल्ली हीच आहे. सरकारने नाटकाइतकाच प्रेक्षक वाचला. महाभारतातली कथा मना केली तर उद्या कीर्तनकारालाही अडवावे लागेल, ही अडचण सरकारला कळत होती. म्हणून तीन वर्षे सरकारने नाटकाला हात लावला नसावा.

मग १९१० मध्येच का? कारण २१ डिसेंबर १९०९. त्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा खेळ होता, बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाच्या निमित्ताने. अनंत लक्ष्मण कान्हेरे याने जॅक्सनला थिएटरातच गोळ्या घातल्या. देवलांच्या ‘शारदे’त राजकारणाचा लवलेश नाही, जरठकुमारी विवाहाचे ते नाटक. त्यामुळे ‘नाटकाने चिथावले’ असे त्या प्रसंगाबद्दल कुणी म्हणू शकत नव्हते. तरीही थिएटर म्हणजे शेकडो माणसे अंधारात एकत्र बसण्याची जागा, हे सरकारच्या मनावर त्या रात्रीने ठसवले असणार. जानेवारी १९१० मध्ये ‘कीचकवध’ची मनाई आली. फेब्रुवारीत छापखाने आणि छापील मजकूर यांवरचा नवा प्रेस ॲक्ट. हे तीन महिने एका ओळीत मांडले की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. नाटक तेच होते. बाहेरची हवा बदलली होती.

कुणी विचारेल, खाडिलकरांवर सरळ राजद्रोहाचा खटला का नाही भरला? दंडसंहितेचे १२४-अ कलम हाताशी होतेच, त्यात जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा. पण खटला म्हटला की आरोप शाबीत करायचे, अनुवाद कोर्टात उलटतपासणीला द्यायचा, लेखकाला बचावाचे भाषण करू द्यायचे. १९०८ मध्ये टिळकांच्या खटल्यात हेच झाले होते. शिक्षा ६ वर्षांची झाली खरी, पण मुंबईतल्या गिरणी कामगारांनी ६ दिवस काम बंद ठेवले. शिवाय कीचकाला मारणे हा राजद्रोह आहे असे म्हणायचे, तर कीचक म्हणजे कोण हे सरकारी वकिलालाच भर कोर्टात सांगावे लागले असते. आपला व्हाइसरॉय आणि परस्त्रीवर हात टाकणारा सेनापती यांचे साम्य सरकारनेच शपथेवर मांडायचे! तिसऱ्या कलमाचा चार ओळींचा हुकूम यापेक्षा कितीतरी सोयीचा.

इथे एक काटेकोर फरक. ‘नाटकावर बंदी’ असे आपण मोघम म्हणतो, पण त्या काळी सरकारच्या हातात चार निरनिराळ्या चाव्या होत्या आणि प्रत्येक वेगळ्या कुलपाची होती. प्रयोगाला १८७६ चा कायदा. पुस्तकाला आधी दंडसंहिता आणि १९१० नंतर प्रेस ॲक्ट. त्याच्या बाराव्या कलमाखाली सरकार राजपत्रात जाहीर करून पुस्तक सरकारजमा करी आणि प्रती दिसतील तिथे उचलल्या जात. जागेला पोलिसी परवाना. मुंबईत १९०२ च्या शहर पोलीस कायद्याखाली नाट्यगृहाचा परवाना आयुक्ताच्या हाती, आणि थिएटरमालकाच्या कानात एक शब्द टाकला तरी तारखा मिळेनाशा होत. या चावीचे ठसे कागदावर सहसा उमटत नाहीत, म्हणून संशोधकांची ती सर्वांत जास्त निसटते. आणि माणसाला दंडसंहितेचे १२४-अ (राजद्रोह) किंवा १५३-अ (समाजांत वैर पसरवणे).

या चाव्यांतला एक विरोधाभास जाणकारांनाही चकवतो. पुस्तक सरकारजमा झाले तर हुकुमानंतर २ महिन्यांत हायकोर्टात अर्ज करता येई आणि तीन न्यायाधीशांचे खास पीठ तो ऐके. दाद मिळण्याची आशा थोडी, पण दार होते. प्रयोग मना झाला तर तेवढेही दार नाही. म्हणजे जो शब्द छापून घरोघर जातो त्याला अपील होते, आणि जो शब्द एका रात्रीत हवेत विरतो त्याला नव्हते. सरकार जास्त कशाला भीत होते ते यावरून दिसते. प्रेस ॲक्ट १९२२ मध्ये गेला, सरकारजमेचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेत ९९-अ म्हणून राहिला. नाट्यकायदा जिथल्या तिथे.

हद्दीचे आता. तिसऱ्या कलमाखालचा हुकूम स्थानिक सरकारचा असे, तो त्याच्याच हद्दीत चाले. मुंबई सरकारचा हुकूम पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर, बेळगावात लागू. नागपूर आणि वऱ्हाड मध्य प्रांतांच्या कारभाराखाली, तिथे वेगळा हुकूम हवा. औरंगाबाद निजामाचे, कोल्हापूर, सांगली, मिरज, बडोदे, इंदूर संस्थानी, तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदाच नाही. नकाशावर मराठी नाटकमंडळ्यांचा नेहमीचा दौरा आखून पाहा: निम्म्याहून जास्त मोठे मुक्काम मुंबई सरकारच्या हुकुमाबाहेर पडतात. म्हणून ‘देशभर बंदी’ हे शब्द कार्यक्रमपत्रिकेत घालू नका. त्याचबरोबर, संस्थानात मुक्त वातावरण होते असेही रंगवू नका. रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट या ब्रिटिश प्रतिनिधींची नाराजी ओढवून एखादे नाटक लावणारा संस्थानिक विरळा, आणि दरबारचा तोंडी निरोप कुठल्याच राजपत्रात छापला जात नसे.

मंडळ्या या सगळ्यातून वाट कशी काढत, हे तालमीच्या पद्धतीतून समजते. पूर्ण संहिता एक-दोन जणांकडेच असे. नटाला मिळे ती त्याची ‘नक्कल’, म्हणजे स्वतःची वाक्ये आणि आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-चार शब्द. या पद्धतीचा हेतू कागद वाचवणे आणि नाटक चोरीला न जाऊ देणे हा होता, पण तिचा एक परिणाम असा की खेळात प्रत्यक्ष काय बोलले गेले याचा पूर्ण दस्तऐवज कुठेच उरत नसे. पुस्तक सौम्य छापायचे आणि पदरची वाक्ये गावाचा रंग बघून टाकायची, हे सहज शक्य होते. पोलिसांचा माणूस पुस्तक उघडून बसला तरी कानावर पडणारे त्यात सापडत नसे. त्याहून मोठे हत्यार म्हणजे विराम. नट वाक्य अर्धे सोडतो, प्रेक्षकांकडे बघतो, उरलेले थिएटर पुरे करते. यावर कुठले कलम लावणार? म्हणून तुम्ही ‘कीचकवध’चा उतारा वाचताना भराभर वाचू नका. कीचक आणि कंकभट यांच्या प्रवेशांत थांबण्याच्या जागा आधी पेन्सिलीने खुणावून घ्या. धावत वाचलात तर आजच्या श्रोत्याला ते एक साधे पौराणिक नाटक वाटेल आणि एवढा गहजब कशासाठी, असा प्रश्न पडेल.

पुराण सोडून इतिहासाकडे वळणे ही दुसरी वाट. खाडिलकरांचेच ‘भाऊबंदकी’ १९०९ चे. नारायणरावाचा खून, राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री. त्यात फुटलेल्या घराचा ताजा संदर्भ प्रेक्षकाला दिसत होताच, पण सरकारला दुखावणारा परका शत्रू समोर नव्हता, भांडण घरातले. ते चालत राहिले. बंदीनंतर १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळींकडे आले, संगीत आणि शृंगाराचे. बंदीमुळे ते संगीताकडे ‘पळाले’ असे विधान लेखांतून फार आढळते. ते अर्धेच खरे मानावे. पैसा, प्रेक्षक आणि बालगंधर्वांचा गळा ही कारणे तेवढीच भारी होती, आणि १९१३ च्या ‘विद्याहरणा’त मद्यपानाच्या निमित्ताने ते पुन्हा सार्वजनिक प्रश्नाला भिडलेच.

तुलनेला बंगालचे एक उदाहरण पुरे. गिरीशचंद्र घोषांची ‘सिराजुद्दौला’, ‘मीर कासिम’ आणि ‘छत्रपती शिवाजी’ ही नाटके वंगभंगाच्या लाटेतली, आणि तीही अशीच काही वर्षे चालू देऊन मग बंद केली गेली. शिवाजीवरचे बंगाली नाटक कलकत्त्यात मना होते, हा दुवा तुमच्या निवेदनात चांगला बसेल.

तिसरा प्रश्न, तपासण्याचा. आधी ठरवा की तुम्ही कुठली चावी शोधता आहात. प्रयोगाची मनाई किंवा पुस्तकाची सरकारजमा यांसाठी ‘बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट’ पाहायचे. सालाबरोबर महिना माहीत असेल तर काम फार कमी होते. हुकुमामागची टिपणे मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, न्याय खात्याच्या आणि गृह खात्याच्या विशेष शाखेच्या दप्तरांत. केंद्रापर्यंत गेलेले प्रकरण असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याची राजकीय शाखा. सरकारजमा झालेल्या पुस्तकांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वेगळ्या संग्रहात आहेत. पुस्तक केव्हा छापले, किती प्रती, कुठला छापखाना, हे १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याखाली निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांत मिळते. आणि वर्तमानपत्रांनी काय लिहिले ते आठवड्याच्या ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’मध्ये इंग्रजी सारांशाने, पण तो सारांश सरकारी अनुवादकाचा, तो मूळ ‘केसरी’च्या अंकाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. चिडक्या वाक्याचा अनुवाद कधी आणखी चिडका होतो, तर उपरोध अनेकदा साफ उडून जातो.

नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. नाटकाचे लेखन, पहिला प्रयोग आणि छपाई यांची साले वेगळी असतात आणि लेखांत ती सर्रास एकमेकांत मिसळतात. देशी भाषेतली नावे इंग्रजी कागदांत चार तऱ्हांनी लिहिलेली असतात. ‘कीचक’ शोधताना क आणि च दोन्हींच्या रोमन रूपांची अदलाबदल करून बघा. नटांच्या आठवणींतली ‘बंदी’ कित्येकदा मॅजिस्ट्रेटने एका गावात एका रात्रीपुरता अडवलेला खेळ असतो. तोही महत्त्वाचा, पण त्याला तेवढेच म्हणावे. आणि राजपत्रात काही सापडले नाही म्हणून आख्यायिका खोटी, असा निष्कर्ष घाईने काढू नका. थिएटरमालकामार्फत आवळलेला गळा तिथे दिसणार नाही. त्यासाठी त्या गावच्या त्या आठवड्याच्या जाहिराती पाहा. खेळ जाहीर झाला, पुढच्या अंकात नाटकाचे नाव बदलले, मंडळी तीच, थिएटर तेच: असे दिसले की तिथे काहीतरी घडले एवढे म्हणता येते.

शेवटी तुमच्या कार्यक्रमापुरते. तिकीट लावून नाट्यप्रयोग करणार असाल तर आजही परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि निवडक प्रवेश व निवेदन मिळून जी संहिता होईल ती नवी संहिता म्हणून द्यावी; मूळ नाटकाच्या जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. १८७६ चा कायदा स्वतंत्र भारतातही पुस्तकात राहिला. १९५६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्याची मनाईची तरतूद घटनाविरोधी ठरवली, पण तो औपचारिकपणे निघाला २०१८ च्या जानेवारीत, जुन्या कायद्यांच्या एका लांबलचक यादीत. निवेदकाला हे साल नीट पाठ करायला सांगा, कारण बहुतेक लेखांत तो कायदा १९४७ लाच संपलेला असतो.